लव्हाळ्याच्या मागावर : चिपळूण ते तळाशील

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि बघता बघता तळमजला बुडाला. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, शेजारची दोन कुटुंबं आमच्याकडेच आली होती. त्या दिवसाबद्दल चिपळूणकरांनी पुष्कळ सांगितलं आहे, मी पुन्हा सांगत नाही. घरातला चिखल उपसून झाल्यावर, आठवड्याने, एका संध्याकाळी मी नदीवर गेले. काठावरचा जुना करंज मुळासकट आडवा झाला होता. फांद्यांत साड्या, प्लास्टिक, कुणाच्या तरी दुकानाची पाटी. आणि त्याच्याच खाली, खडकांच्या फटींत, लव्हाळ्याचे झुबके जिथल्या तिथे होते. एकाच दिशेला विंचरल्यासारखे आडवे पडलेले, गाळाने माखलेले, पण जागेवर. चार दिवसांनी पुन्हा गेले तर त्यांच्यातून हिरवे कोंब निघाले होते.

महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती. आपण हे इतक्या लहानपणी ऐकतो की पुढे कधी तपासून बघत नाही. लव्हाळा वाकतो म्हणून वाचतो, एवढंच मनात राहतं. पण वाकतं तर भातही, आणि ते वाहून जातं. मग हाच का राहतो? मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात एका मुलाने नेमकं हेच विचारलं आणि मला त्याचं समाधान होईल असं उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात होता.

यंदा गणपती गेल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, रजा टाकली. लव्हाळ्याच्या कुळाला याच दिवसांत फळं धरलेली असतात, आणि फळ हातात असल्याशिवाय जात नक्की सांगणं कठीण. बरोबर माझी भाची. ती चित्रकला शिकते, आणि गवतासारखी दिसणारी झाडं ओळखायची तर फोटोपेक्षा चित्र कामाला येतं असा माझा अनुभव आहे. बेत असा केला की सड्यावरून सुरुवात करायची आणि पाणी जसं खाली उतरतं तसं उतरत समुद्रापर्यंत जायचं.

पहिला दिवस : रत्नागिरीचा सडा

सकाळच्या एसटीने रत्नागिरीला आलो, मैत्रिणीकडे पिशव्या टाकल्या आणि तिच्या स्कूटीवरून दोन फेऱ्यांत शहराबाहेरच्या सड्यावर पोचलो.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात इथे अनवाणी उभं राहवत नाही. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर पाणी साचतं, खळग्यांत चिमूटभर माती जमते, आणि तेवढ्या मातीवर तीन-चार महिने एक अख्खं रान उगवून फुलून संपून जातं. आम्ही गेलो तेव्हा निळी सीतेची आसवं अजून होती, गेंदाचे पांढरे गोंडे वाऱ्यावर हलत होते. लोक ते बघायला येतात. त्यांच्या पायाखाली, त्यांच्यापेक्षा संख्येने कितीतरी जास्त, लव्हाळ्याच्या कुळातली वीतभर उंचीची झाडं असतात. त्यांच्याकडे कुणी वाकून बघत नाही.

भाचीला पहिला धडा हातानेच दिला. "देठ दोन बोटांत धर आणि फिरव."

तिने फिरवला. "मावशी, हा गोल नाहीये. टोचतोय."

गवताचं काड गोल असतं, आतून पोकळ असतं, त्याला पेरं असतात, आणि पानं दोन बाजूंना आलटून पालटून येतात. लव्हाळ्याचा देठ बहुधा तीनधारी, आतून भरीव, पेरं नसलेला. पानं तीन रांगांत. गवताच्या पानाचा खालचा भाग काडाभोवती गुंडाळलेला असतो आणि त्याची कड सुटी असते, नखाने उलगडता येते. लव्हाळ्याची तीच नळी पूर्ण बंद असते, उलगडायला गेलं तर फाटते. गवताचं कुळ वेगळं, लव्हाळ्याचं वेगळं. लव्हाळ्याच्या कुळात जगभरात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. इजिप्तमधला कागदाचा पपायरस याच कुळातला, आणि दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही.

सड्यावर जास्त करून फिंब्रिस्टायलिस दिसली. तपकिरी रंगाची, भाताच्या दाण्याहून लहान कणसं. दहापट भिंग डोळ्याला लावून मी एक कणीस सुईने सोडवलं. प्रत्येक खवल्याच्या काखेत एक फूल. पाकळ्या नाहीत, रंग नाही, वास नाही. वाऱ्याने परागकण उडवायचे असतील तर पाकळ्या कशाला? एका फुलातली परागवाहिनी वेगळी काढून बोटाच्या टोकावर घेतली. चपटी, फिकट, आणि तिच्या दोन्ही कडांना बारीक झालर! झालर असलेली परागवाहिनी, हाच त्या लॅटिन नावाचा अर्थ. नाव मी अनेकदा वाचलं होतं, वर्गातही सांगितलं होतं. झालर डोळ्यांनी त्या दिवशी पाहिली. भाचीला भिंग दिलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "साडीच्या पदरासारखी."

या गटातल्या एका जातीच्या नावात रत्नागिरी आहे : फिंब्रिस्टायलिस रत्नागिरिका. आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद करताना एका लव्हाळ्याला सायपरस कोंकणेन्सिस हे नाव दिलं. हापूसच्या पेटीवर आपण गावाचं नाव अभिमानाने छापतो. आपल्या जमिनीचं नाव घेऊन शास्त्रात गेलेल्या या गवतासारख्या झाडांची आपल्याला खबरही नसते.

इथलं लव्हाळं वर्षायू आहे. पाऊस थांबला की सडा पंधरा दिवसांत कोरडा पडतो, त्याआधी बी तयार व्हायला हवं. मग झाड मरतं आणि बी कातळाच्या भोकांत, धुळीत, आठ महिने तापत पडून राहतं. म्हणजे इथे वाचायची तऱ्हा बीची आहे. पुरातल्या लव्हाळ्याची नव्हे. वहीत मी एवढंच लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं.

परतताना चिरेखाण लागली. सरळ उभ्या भिंती, तळाशी हिरवं पाणी. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे पोटखराबा लिहिलेलं असतं, म्हणजे लागवडीला निकामी. निकामी म्हटलं की कापायला कुणाची हरकत राहत नाही. दुसरीकडे सुरुंग लावून खड्डे केले होते, त्यांत बाहेरची माती भरून आंब्याची कलमं लावलेली. आंबा कोकणाला जगवतो, मला मान्य आहे. पण त्या बोटभर पाण्यावर जे उगवतं ते दुसरीकडे नेऊन लावता येत नाही, आणि हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

दुसरा दिवस : रस्ता, आणि मामाच्या मळ्याची मेर

दिवस बहुतेक एसटीतच गेला. मालवण तालुक्यातल्या मामाच्या गावी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मामीने उकड्या तांदळाची पेज आणि वर आंब्याचं लोणचं पुढे ठेवलं. मामाला येण्याचं कारण सांगितलं तर तो चक्रावलाच.

"काय गो, ह्या रान काढून काढून आमचे हात गेले, आणि तू ताच बघूक इलंस?"

पण पेज संपायच्या आत तोच पुढे होऊन मळ्याकडे निघाला.

भात पोटरीतून बाहेर येऊन दाणे भरत होते. मळ्यात पाणी होतं, मेरेवर, म्हणजे बांधावर, नव्हतं. मामाने दाखवलं तेव्हा लक्षात आलं की त्याला हे सगळं माझ्याआधी ठाऊक आहे, फक्त नावं वेगळी. पाण्यात उभी असतात ती एका प्रकारची : सायपरस डिफॉर्मिस, गोल गोंड्यांची, आणि सायपरस आयरिया, पिवळसर फाटलेल्या तुऱ्याची. ती उपटली की मुळासकट हातात येतात. त्यांचं बळ बियांत, एकेका झाडाला हजारोंनी. मेरेवर, जिथे पाणी थांबत नाही, तिथे मोथा. तो उपटला की वरचं पान हातात येतं आणि बाकी सगळं खाली राहतं.

"ह्येका वयल्यान कापलंस तरी खालसून येता," मामा म्हणाला. "खणलंस तर दोनाचे चार होतत."

त्याने फावड्याने मेरेचा एक तुकडा उचलला आणि ढेकूळ पाण्यात धरून हलवलं. माती धुऊन गेल्यावर हातात राहिली ती माळ. वाटाण्याएवढा काळा कंद, त्यातून दोऱ्यासारखं खोड, मग दुसरा कंद, मग तिसरा. एक कंद नखाने चिरला. आत पांढरा, आणि वास थेट दिवाळीच्या पहाटेचा. भाचीने डोळे मिटून तो वास घेतला.

माळेतला वरचा कंद जिवंत असेपर्यंत खालचे डोळे झोपलेले राहतात. वर कुदळ पडली, माळ तुटली, की प्रत्येक तुकडा स्वतंत्र होतो आणि फुटतो. मामाचे दोनाचे चार ते हेच. १९७७ साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची क्रमवारी प्रसिद्ध झाली, तिच्यात पहिलं नाव मोथ्याचं होतं. आणि आयुर्वेदात तोच मुस्ता म्हणून ताप-अतिसारावर शतकानुशतकं वापरात आहे. मामा एका हाताने त्याला शिव्या देतो आणि नातवाचं पोट बिघडलं की मामी त्याच मेरेवरून चार कंद खणून आणते.

वहीतल्या प्रश्नचिन्हापुढे मी लिहिलं : खालून.

तिसरा दिवस : गावचं तळं आणि धामापूर

रात्रभर पाऊस. सकाळी उघडीप मिळाली तशी देवळामागच्या तळ्यावर गेलो.

या तळ्याचं दोन वर्षांपूर्वी सुशोभीकरण झालं. अर्ध्या काठाला दगड-सिमेंटची सरळ भिंत बांधली, वर रेलिंग, बसायला बाक. पैसे संपले म्हणून उरलेला अर्धा काठ तसाच राहिला. त्या राहिलेल्या काठावर पाण्यात कमरेपर्यंत हिरव्या नळ्यांचं रान उभं आहे. पान एकही नाही, नुसत्या गोल नळ्या आणि टोकाला नळीच्याच जाडीचं कणीस. ही एलिओकॅरिस डल्सिस. चिनी जेवणात वॉटर चेस्टनट म्हणून डब्यातून येतो तो हिचाच कंद. आपला शिंगाडा निराळा, तो पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ.

भाची म्हणाली, "तीनधारी नाही, पानं नाहीत, मग लव्हाळ्याचं कुळ कशावरून?" योग्य प्रश्न होता. कुळ ठरतं ते फुलावरून. एका खवल्यामागे एक फूल, एका फुलाचं एकच बी असलेलं टणक फळ. देठाचा आकार ही पहिली खूण, शेवटची नव्हे.

मग मी तिला एक नळी दिली आणि चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत दाबत न्यायला सांगितली. टप, टप, टप, टप. लहानपणी आम्ही तासन्‌तास हे करायचो. नळीच्या आत थोड्या थोड्या अंतरावर आडवे पडदे असतात, दाबलं की एकेक कप्पा फुटतो. ब्लेडने नळी उभी चिरली : बांबूची चिमुकली प्रतिकृती, पण पडदे पांढरे आणि स्पंजासारखे. या पडद्यांतून हवा जाते, पाणी सहजी जात नाही. म्हणून एखादी नळी मोडली, तिच्यात पाणी शिरलं, तरी ते पहिल्या कप्प्याशी अडतं आणि खालची वाट कोरडी राहते. आणि पडदे आहेत म्हणून नळी पिचत नाही.

ही हवेची वाट कशासाठी? पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. आंब्याचं मूळ अशा चिखलात कुजेल. लव्हाळा वरून हवा नेऊन मुळांपर्यंत पोचवतो. चिखलात राहून श्वास बाहेरचा घेतो.

त्या अर्ध्या काठावर एका नळीला चतुराची रिकामी कात चिकटलेली होती, पाठीवर फाटलेली, पायांच्या आकड्या अजून घट्ट. पुढच्या दोन मीटरांत अशा सात काती मोजल्या. एक कमळपक्षी लांब बोटं टाकत पलीकडे गेला. मग मुद्दाम भिंतीच्या बाजूला गेलो. पाणी तेच, ऊन तेच. भिंतीला शेवाळ, पाण्यावर वेफर्सचं पाकीट. चतुराच्या अळीला पाण्याबाहेर चढायला काठी लागते, गोगलगायीला अंडी चिकटवायला देठ लागतो, आणि भिंतीवर दोन्ही नाहीत. तळं स्वच्छ करणं म्हणजे काठ रिकामा करणं, ही समजूत कुठून आली कोण जाणे. ज्यांनी हे काम केलं त्यांनी वाईट हेतूने केलं नसणार. पण उरलेल्या काठालाही निधी मंजूर व्हायचाय असं मामाने सांगितलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. पुढच्या ग्रामसभेत मामा हा विषय काढणार आहे. काय बोलायचं ते मी त्याला एका कागदावर लिहून दिलं, त्यात सात कातींचा आकडा घातला.

दुपारी धामापूरला जाऊन आलो. विजयनगर काळातलं, १५३० साली बांधलेलं म्हणून सांगतात ते तळं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवरून समोरचं रान पाण्यात उतरलेलं दिसतं. तिथे आम्ही काम केलं नाही, नुसत्या बसलो. बसल्या बसल्या भाचीला या कुळाची एक खोड सांगितली. एका मातृपेशीतून चार परागकण होतात असं मी दरवर्षी फळ्यावर काढते. लव्हाळ्याच्या कुळात चार केंद्रकं होतात खरी, पण त्यांतली तीन एका कोपऱ्यात सरकून विरून जातात आणि चौघांचा मिळून एकच परागकण होतो. "का?" तिने विचारलं. देवळात कुणीतरी घंटा वाजवली आणि आम्ही दोघी तिकडे बघू लागलो.

चौथा दिवस : कालावलची खाडी

ज्यासाठी निघाले होते तो दिवस हा.

गडनदी समुद्राला मिळते तिथली ही खाडी. मामाच्या ओळखीचे एक काका होडी घेऊन आले. सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ धरून निघालो. दोन्ही काठांना कांदळ, त्याच्या कमानीसारख्या मुळांवर कालवं चिकटलेली. मागे तिवर, मध्येच चिपीचं पांढरं गोंडेदार फूल पाण्यावर पडलेलं. कांदळाबद्दल आता शाळेतली मुलंही बोलतात, ते चांगलंच झालं. आम्हाला मात्र त्याच्या मागे जायचं होतं, जिथे डोंगरातून येणारा व्हाळ खाडीला मिळतो आणि पाणी ना धड खारं ना धड गोडं.

काकांनी होडी एका जुन्या बांधाला लावली. बांधाला मोठं खांड पडलेलं. आत पूर्वीचं शेत, आणि त्या शेतभर, बांधापासून माडांपर्यंत, छातीएवढं उंच हिरवं लव्हाळं. वारा आला की अख्खं शेत एका अंगावर कलायचं आणि परत उभं राहायचं.

"बांध फुटलो त्या वर्सा खारा पाणी आत इला," काका सांगू लागले. "भात करापला. मगे दोन वर्सां काय्येक नाय. तिसऱ्या वर्सा ह्या इला."

"पुन्हा बांध घालावासा वाटला नाही?"

"घालूक माणसां खंय आसत? पोरगे मुंबयक." थोडं थांबून म्हणाले, "आता थंय सुंगटां गावतत. तेवढाच." सुंगटां म्हणजे कोळंबी.

बांध राखणं ही कोकणात पिढ्यान्‌पिढ्यांची कला होती. उघाडी कधी उघडायची, कधी लावायची, चिखलाची भर कुठल्या महिन्यात घालायची. खाऱ्या जमिनीत तगणारे काळा रता, भुरा रता हे तांबडे भात त्याच शेतांतले. माणसं गेली तसे बांध गेले. काकांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण ते त्या खांडाकडे बघत नव्हते हे मी पाहिलं.

हे सायपरस मलाक्केन्सिस. देठ इतका तीनधारी की चिमटीत धरला तर खूण उमटते. पानं जवळजवळ नाहीतच, बुडाशी नुसत्या तपकिरी म्यानासारख्या नळ्या. पानांचं काम हिरवा देठच करतो. व्हिएतनाममध्ये याच्याच चटया विणतात. याच्या भावकीतल्या लव्हाळ्यांपासून तमिळनाडूत पत्तमडईच्या आणि बंगालात मेदिनीपूरच्या चटया होतात, त्या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पलीकडे, जरा उंचवट्यावर, गुडघ्याएवढी फिंब्रिस्टायलिस फेरुजिनिया, गंजाच्या रंगाच्या कणसांची. सड्यावरच्या त्या वीतभर झाडांची ही खाऱ्या पाण्यातली बहीण.

मी एक देठ मोडला आणि भाचीला सांगितलं, "आधी वाकव." वाकवताना जोर लागला, देठ ताठ होता. "आता पिळ." सहज पिळला गेला, ओल्या पंचासारखा. बोटं सोडली, परत सरळ. तीनधारी देठाचा हा गुण आहे : वाकायला चिवट, पिळायला सैल. वारा किंवा पाणी अंगावर आलं की तो आधी गर्रकन वळतो, रुंद बाजू काढून घेतो, आणि मग कलतो. वाशिष्ठीच्या काठावर सगळे झुबके विंचरल्यासारखे का दिसले, ते मला इथे, या खांडापाशी कळलं.

पण जागेवर का राहिले, त्यासाठी खाली जायला हवं होतं. मी बांधावरून उतरले.

"बाय, जपान!" काका ओरडले. तोवर मी गुडघाभर रुतले होते. भाची पुढे सरसावली तर तिला म्हणाले, "चेडवा, पाय थंय घालू नको, रुततलंस." एक चप्पल चिखलात कायमची गेली. वल्हं आडवं टाकून, त्याच्यावर भार देऊन मी लव्हाळ्याच्या झुबक्याशी पोचले. आणि तिथे पाय रुतेनासा झाला. हे मला लिहून ठेवायलाच हवं. हातभर अलीकडे चिखल माणूस गिळत होता, आणि लव्हाळ्याच्या पट्ट्यात पाऊल घोट्याच्या वर गेलं नाही. खाली जाळं होतं, माझं वजन त्या जाळ्यावर होतं.

काकांच्या कोयतीने झुबक्याच्या कडेचा वीतभर चौकोन कापला आणि ओंजळीत घेतला. चिखल काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. गाळातल्या प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून केलेला तो वायू, मुळांना विषच. होडीच्या कडेला बसून तो चौकोन हळूहळू धुतला. पहिल्यांदा दिसली ती आडवी खोडं, करंगळीएवढी जाड, खवल्यांनी झाकलेली, एकमेकांखालून-वरून गेलेली. एकही देठ सुटा नव्हता. वर जी पंधरा-वीस झाडं दिसत होती ती खाली एकच झाड होती. मग मुळं. आणि मुळांभोवती, त्या काळ्या चिखलात, नारिंगी रंग.

भाचीने भिंग लावलं. "मावशी, गंज चढलाय."

तो गंजच होता. देठातून खाली आलेली हवा मुळाच्या टोकाशी थोडी बाहेर झिरपते. चिखलात विरघळलेलं लोह तिच्या संपर्कात आलं की त्याचा गंज होऊन मुळाभोवती बसतो. त्या बारीक कवचाच्या आत मूळ पांढरंशुभ्र. झिरपलेली हवा तो विषारी वायूही मुळाजवळ मोडून टाकते. प्रत्येक मूळ आपल्याभोवती केसाएवढ्या जाडीची राहण्याजोगी जमीन स्वतः तयार करतं आणि त्या जमिनीत पुढे सरकतं. मी ते मूळ बराच वेळ हातात धरून बसले. काळ्यात नारिंगी, नारिंगीत पांढरं. भाचीने रंगपेटी काढली पण होडी हलत होती, रंग घरी येऊन भरले.

ढेकूळ जिथून काढलं तिथेच परत बसवलं. येताना काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं. भरती सुरू झाली होती, गढूळ पाणी खांडातून आत शिरत होतं. लव्हाळ्याच्या पट्ट्यात शिरताना गढूळ, आणि माडांपाशी पोचताना जवळजवळ नितळ. देठांमध्ये पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ तिथेच खाली बसतो. माणसांनी सोडलेल्या शेतात लव्हाळं रोज दोनदा माती धरत होतं.

रात्री मामीने त्याच खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. मी त्या मुलासाठी, ज्याने वर्गात विचारलं होतं, उत्तर लिहून काढलं. आता तो बारावी होऊन गेलाय, पण पत्ता आहे.

पाचवा दिवस : तळाशील

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडांखाली घरं. समुद्र ही पट्टी खातोय, दगडांचे बंधारे घातलेत, तरी माडांची उघडी पडलेली मुळं दिसतात.

बंधारा संपतो त्याच्या पुढे मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांची. वर रावणाच्या मिशा, टोकदार काटेरी गोळे. त्यांच्या मधल्या कोऱ्या वाळूत राखाडी-हिरवे, ताठ, चार बोटं उंचीचे झुबके, एका सरळ रेषेत. कुणी दोरी लावून रोपं लावावीत तसे. सायपरस अरेनारियस, वाळूतला लव्हाळा. देठ गोलसर, भाचीने बोटांत फिरवून आपणहून सांगितलं की याला धार नाही.

रेषेतल्या पहिल्या दोन झुबक्यांमधली वाळू आम्ही ब्रशने बाजूला केली. खाली सुतळीसारखं खोड, ताणून धरल्यागत सरळ. वाळू अंगावर आली की हे खोड वर चढतं, नवा झुबका वरच्या पातळीवर काढतं. भाची गुडघ्यांवर पुढे पुढे सरकत होती, ब्रश मारत, मोजत. सात, आठ, नऊ. अकराव्या झुबक्यानंतर खोड वाळूत खोल गेलं आणि दिसेनासं झालं. तिने टोक पकडून अंदाज घ्यायला जरासं उचललं.

खाली रापणीचं जाळं किनाऱ्याकडे ओढत होते. दोराला लागलेल्या माणसांतला एक म्हातारा, दम खायला बाजूला बसलेला, तिथूनच म्हणाला, "ता ओढू नको गो. रेव जाता."

भाचीने हात काढून घेतला. आम्ही दोघींनी अकरा झुबक्यांवरची वाळू तळहातांनी परत लोटली, वर थोडी थापली. मग ती उठली, चित्राची वही माझ्याकडे दिली आणि रापणीच्या दोराला जाऊन लागली.